कलावंताचे चरित्र आणि कलाकृती : कार्पेंटर्स भावंडांचे उदाहरण

कलावंताच्या आयुष्यातील शोकांतिका ठाऊक असताना त्याच्या कलाकृतीचे मोल आपण नेमके कशावरून ठरवितो? चरित्रात्मक समीक्षेतील हा प्रश्न साहित्याबाहेरील एका उदाहरणावरून तपासून पाहू.

रिचर्ड (जन्म १९४६) आणि कॅरन (जन्म १९५०) कार्पेंटर ही अमेरिकेतील न्यू हेवन येथे जन्मलेली भावंडे. १९६३ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियातील डाउनी येथे आले. १९६९ मध्ये ‘ए अँड एम रेकॉर्ड्स’शी त्यांचा करार झाला आणि १९७० मध्ये ‘क्लोज टू यू’ हे गीत अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत चार आठवडे अग्रस्थानी राहिले.

रिचर्ड पियानो वाजवी व संगीतसंयोजन करी. कॅरन मुळात ड्रमवादक. दोघांचेच आवाज पुन:पुन्हा ध्वनिमुद्रित करून ते एकावर एक चढवीत. त्यामुळे दोन कंठांतून वृंदगान उभे राही. कॅरनचा आवाज खालच्या स्वरांत विशेष खुले. तिचे उच्चार स्वच्छ असत आणि गाणे बोलण्याच्या लयीजवळ राही. म्हणून ती एकट्या श्रोत्याशी बोलते आहे, असे वाटे. रॉक संगीताच्या त्या बंडखोर काळात अनेक समीक्षकांनी मात्र हे संगीत गुळमट ठरविले.

१९७५ मध्ये कॅरनच्या ढासळत्या प्रकृतीमुळे परदेश दौरे रद्द करावे लागले. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आहारविषयक मानसिक विकारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिचे निधन झाले. या विकाराकडे समाजाचे लक्ष वेधले गेले. त्याचबरोबर तिच्या गीतांतील विषादही तिच्या आजाराची खूण म्हणून ऐकला जाऊ लागला.

येथे थोडे थांबून विचार करा. ‘रेनी डेज अँड मंडेज’ हे उदास गीत १९७१ मधील; त्याचे शब्द पॉल विल्यम्स यांचे. ते गाणारी कॅरन तेव्हा एकवीस वर्षांची होती. तो विषाद तिच्या चरित्राने पुरविलेला नाही. दुसऱ्याच्या शब्दांना तिने स्वरातून दिलेला तो अर्थ आहे. त्याला केवळ आजाराची खूण मानले, तर तिच्या कलेचे श्रेय आपण तिच्या मृत्यूला देऊन बसतो.

१९९४ मध्ये तरुण रॉक कलावंतांनी या जोडीची गीते नव्याने गाऊन एक गौरवसंग्रह काढला. समीक्षकांच्या शिक्क्याने झाकलेले गुण अशा पुनर्भेटीतून पुन्हा दिसू लागतात.

स्वयं-अध्ययन : आपल्या अभ्यासक्रमातील एखादी कविता प्रथम कवीचे चरित्र बाजूला ठेवून व नंतर ते लक्षात घेऊन वाचा. अर्थात कोणता फरक पडला आणि त्यास संहितेत कोणता आधार आहे, ते लिहा.