जड बाईक, मंद वेग: शिकायला खरोखर किती लागतं

सुपर मिटिऑर ६५० भरते २४१ किलो, होंडा गोल्ड विंग टूर चारशेच्या आसपास. हायवेवर दोन्ही गुमान सरळ धावतात. फजिती होते सोसायटीच्या उतारावर, पेट्रोल पंपाच्या वळणावर, घाटात ट्रकच्या मागे रांगताना. हा सराव आरटीओ शिकवत नाही आणि शोरूमही नाही. सोय तुम्हालाच करावी लागते. खर्च मात्र तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी आहे, फक्त तो योग्य जागी करायला हवा.

आधी कागद. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स असेल तर नवीन काही काढायचं नाही. आपल्याकडे १०० सीसी आणि १,८०० सीसीला एकच वर्ग आहे. ‘मोठ्या बाईकचं वेगळं करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. लायसन्सच नसेल तर शिकाऊचे १५० रुपये आणि त्याच्या परीक्षेचे ५०, पुढे पक्क्याच्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००, वर किरकोळ सेवा आकार. शिकाऊ लायसन्स आधार जोडून घरबसल्या निघतं. पक्की चाचणी ३० दिवसांनंतर, पण सहा महिन्यांच्या आत द्यायची. वय चाळिशीपुढे असेल तर डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. एजंट याच कामाचे हजारो मागतो. चाचणीला स्वतःची जड गाडी नेण्याची सक्ती नाही. आरसी, विमा, पीयूसी चालू असलेली मित्राची हलकी गिअरची बाईक चालते. शिकाऊ लायसन्सवर ‘एल’ पाटी हवी आणि सोबत लायसन्सधारक शिकवणारा. दुसऱ्या कुणाला मागे बसवता येत नाही.

जागा फुकट मिळते. कोरडी, सपाट, खडी नसलेली जमीन हवी: सोसायटीचं मोकळं पार्किंग, लग्नसराई नसताना मंगल कार्यालयाचं आवार, रविवारी सकाळची शाळेची फरसबंदी. परवानगी तोंडी घेऊ नका, सेक्रेटरींचा व्हॉट्सअॅप मेसेज हवाच. कोन विकत घेऊ नका. खडू आणि पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटल्या पुरतात.

पैसे घालायचे ते क्रॅश गार्डवर, आणि तेही पहिल्या सरावाआधी. क्लच आणि ब्रेकची एकेक जादा लिव्हर घरात ठेवा. लिव्हरची पकड हँडलवर फार घट्ट आवळू नका. गाडी पडली तर लिव्हर फिरते, तुटत नाही. हेल्मेट आयएसआयचं, बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. जॅकेट-पँटचा महागडा संच तूर्त राहू द्या.

शिकवणी लावणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा. गाडी कुणाची? पडली तर भरपाई कुणाची, आणि त्याला कमाल मर्यादा आहे का? पेट्रोल, नाश्ता, सुरक्षा साहित्याचं भाडं धरलंय का? एका शिक्षकामागे किती जण? मंद वेगाला किती तास? जीएसटी धरून की वेगळा? पाच हजार सांगितले आणि १८ टक्के वेगळे असतील तर बिल ५,९०० चं येतं. सकाळी फोटो, दहाला मिसळ आणि परतीला प्रमाणपत्र देणाऱ्या ‘ट्रेनिंग राईड’ पुष्कळ आहेत. मिसळ चांगली असते, पण तिथे वळण शिकायला मिळत नाही.

भाड्याची गाडी घेताना नंबरप्लेट बघा: काळ्यावर पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. अनामत देण्याआधी गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

विम्यातली मेख नीट समजून घ्या. थर्ड पार्टी विमा तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरत नाही. सर्वंकष विमा असला तरी प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि आडव्या पडलेल्या बाईकचं आधी तेच फुटतं: आरसा, इंडिकेटर. झिरो डेप असेल तरच ते पूर्ण मिळतात. आणखी एक, क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० पर्यंत जातो. आरशासाठी क्लेम करू नका. बसवलेला क्रॅश गार्ड पॉलिसीत नोंदवला नसेल तर त्याचे पैसेही मिळत नाहीत.

आता सराव. आधी इंजिन बंद ठेवून गाडी डाव्या बाजूने ढकला, टाकी कमरेला टेकवून. मग पहिला गिअर, हाफ क्लच, रेस हलकी आणि एकसारखी, मागचा ब्रेक पायाने किंचित दाबलेला. वेग माणसाच्या चालीइतका. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका, बहुतेक गाड्या तिथेच आडव्या होतात. सरळ रेघ जमली की मोठा गोल, मग इंग्रजी आठ, मग यू-टर्न. ब्रिटनच्या परीक्षेत तो साडेसात मीटर रुंदीत घ्यावा लागतो. तुम्ही दहा मीटरपासून सुरू करा. वळताना गाडी आत कलू द्या, तुम्ही बाहेरच्या बाजूला बसा आणि मान जायचं तिकडे फिरवा. चाकाकडे बघितलंत की पाय टेकलाच. वीस मिनिटांनी थांबा, एअरकूल्ड इंजिन आणि क्लच दोन्ही तापतात. ड्राय क्लचची गाडी असेल तर हाफ क्लच आणखी जपून. असे चार-पाच रविवार काढा, मगच डबलसीट आणि भरलेल्या बॅगा.

गाडी कलून हाताबाहेर चालली तर सोडून द्या. अडवायला गेलात तर कंबर जाते, आणि लिव्हर कमरेपेक्षा स्वस्त आहे. पडल्यावर आधी किल स्विच. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा आणि गिअर टाका. हँडल पूर्ण वळवा, सीटला पाठ लावा आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालत उचला. पहिल्यांदा हे शिकताना एक माणूस मदतीला ठेवा.

सरावाला टाकी अर्धीच भरा. पाच-सहा किलो वजन कमी होतं, तेही वरचं, आणि पडली तर सांडतंही कमी.