बिघाड आधी पुन्हा घडवून दाखवा

कोलकात्याची बागबाजार रीडिंग लायब्ररी 1883 सालची. अशा जुन्या ग्रंथालयांतले अंक स्कॅन करून जपू पाहणाऱ्यांना मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कागदाला लागलेली वाळवी दिसते, फाइलच्या पोटात शिरलेली शून्ये दिसत नाहीत. म्हणून फाइल सिस्टिमवर संशय आला तर दोषी ठरवण्याची घाई करू नये. तोच बिघाड दुसऱ्याच्या यंत्रावरही घडेल अशी चाचणी आधी हाती यावी. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ओपन-झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या 2.2.0 आवृत्तीवर कॉपी केलेल्या काही फाइलींत मजकुराच्या जागी शून्ये निघाली. एकच डेटा दोन फाइलींनी वाटून घेण्याची, म्हणजे ब्लॉक क्लोनिंगची सोय नवी होती, आळ तिच्यावर आला आणि 2.2.1 मध्ये ती बंदही झाली. पण एकाच वेळी भरपूर कॉपी करून त्या ताडून पाहणारी छोटी शेल स्क्रिप्ट लोकांनी आपापल्या यंत्रांवर चालवली, तेव्हा ती सोयच नसलेल्या जुन्या आवृत्त्यांवरही तीच शून्ये सापडली. दोष वर्षानुवर्षांचा होता. नुकत्याच लिहिलेल्या भागाबद्दल विचारणा झाली की एखाद्या नेमक्या क्षणी फाइल सिस्टिम तिथे पोकळी, म्हणजे काहीच न लिहिलेली जागा असल्याचे सांगे, आणि पोकळ्या वगळून कॉपी करणारी नवी ‘सीपी’ आज्ञा ते खरे मानी. दुरुस्ती 2.2.2 आणि 2.1.14 मध्ये आली.

‘बॅकअप असताना ही यातायात कशाला?’ असे कोणी विचारील. पण बॅकअप ती शून्येही इमानाने जपतो. डिस्कवरचा डेटा तपासणारा झेडएफएसचा स्क्रबही इथे गप्प राहिला, कारण चुकीची कॉपी डिस्कवर अगदी बिनचूक लिहिली गेली होती. ‘आमच्याकडे तर घडत नाही’ हा दुसरा आक्षेप अधिक फसवा आहे. क्षणांच्या शर्यतीतला दोष शंभरदा लपतो. चाचणी पास झाली म्हणजे दोष नाही, असे सिद्ध होत नाही. आणि लक्षण एकीकडे, मूळ दुसरीकडे असेही होते. 2018 मध्ये लिनक्स 4.19 वर बिघडत होती ईएक्सटी-4 ही फाइल सिस्टिम, दोष मात्र तिच्याखालच्या ब्लॉक थरात होता. उलट 2023 च्या अखेरीस ईएक्सटी-4 मधल्या अर्धवट आणलेल्या बदलाचा छडा लागला तो लिनक्स टेस्ट प्रोजेक्टची चाचणी नापास झाल्यामुळे. तोवर लिनक्स कर्नल 6.1.64 बाहेर पडले होते, आणि डेबियनला 12.3 चे प्रकाशन थांबवावे लागले.

एसजीआय कंपनीत एक्सएफएस फाइल सिस्टिमसाठी जन्मलेला एक्सएफएसटेस्ट्स हा चाचण्यांचा संच आज ईएक्सटी-4 आणि बीटीआरएफएसलाही चालतो. तो वापरताना चाचणीची डिस्क वेगळी ठेवा. ‘स्क्रॅच’ म्हणून दिलेले विभाजन तो पुसून टाकतो. कर्नलची आवृत्ती, माउंटचे पर्याय, डिस्कचा प्रकार लिहून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. खासगी फाइली कोणाला देण्याची गरज नाही, बनावट मजकुरावर बिघाड घडला तरी पुरे. मूळ फाइलींचे चेकसम मात्र कॉपी करण्याआधीच काढून ठेवा.