गिअरबॉक्सचं तेल जातं कुठे?

मेसच्या भाजीवर तरंगणारं तेल आपल्याला रोज दिसतं आणि त्यावर आपण रोज बोलतो! गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल मात्र कधीच दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलतही नाही. इंजिन ऑइलला निदान डिपस्टिक असते, प्रेशर गेलं तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. बहुतेक मॅन्युअल गाड्यांच्या गिअर ऑइलच्या नशिबी यातलं काहीच नाही. ते कमी झालं तरी गाडी मुकाट्याने चालत राहते, आणि जेव्हा बोलायला लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'लुब्रिकेशन' हा शब्द आधी आला आणि 'वंगण' हा भिवंडीत येऊन शिकले. या गावात वंगणाचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. कुठल्याही यंत्रमागाच्या कारखान्यात जा, तेलाचा कॅन घेऊन मागामागांतून फिरणारा कामगार दिसेलच. माग उघडा असतो, तेल उडतं, गळतं, कापसाच्या फुफाट्यात शोषलं जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावं लागतं. गिअरबॉक्सचं नेमकं उलटं आहे. तो बंद डबा आहे. इंजिन थोडंफार तेल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. म्हणजे तेल कमी झालं असेल तर कारणं दोनच: एक तर ते गळलं, नाहीतर कुणीतरी ते पूर्ण भरलंच नव्हतं. या लेखात मला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण!

तेल नेमकं करतं काय?

'घर्षण कमी करतं' हे उत्तर व्हायव्हात दिलं की सर पुढचा प्रश्न विचारतात, 'कसं?' याचं उत्तर शोधायला १८८३ सालात जावं लागतं. बोशां टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर ॲक्सल फिरायला लागल्यावर त्याच भोकातून तेल वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, तर तेलाने बूच बाहेर ढकललं! म्हणजे फिरणाऱ्या ॲक्सलने ओढून घेतलेल्या तेलात स्वतःचा दाब तयार होत होता आणि त्या दाबावर सगळा भार तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. हा तोच रेनॉल्ड्स, ज्याच्या 'नंबर'ने आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये छळलंय.

थोडक्यात काय, तर तेल हा दोन धातूंना वेगळं ठेवणारा, भार उचलणारा थर आहे. गिअरच्या दातांमध्ये तर हा थर साधारण एक मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ असतो. आपला केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. वेग कमी आणि भार जास्त असला की हा थर आणखी पातळ होतो. पावसाळ्यात वाडा रोडच्या खड्ड्यांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी ओढणं म्हणजे नेमकी हीच परिस्थिती.

तेलाची आणखी दोन कामं आहेत: दातांवर तयार झालेली उष्णता वाहून नेणं आणि झिजलेले बारीक कण तळाशी नेऊन बसवणं. प्लगला लोहचुंबक असेल तर ते कण तिथे चिकटतात.

तेल कमी झालं की...

बहुतेक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल फिरवायला पंप नसतो. खालची चक्रं तेलात बुडालेली असतात आणि फिरताना ती तेल वर उडवतात. पातळी खाली गेली की पुढच्या गोष्टी साधारण अशा क्रमाने होतात.

१) वरच्या बाजूची बेअरिंग आणि चक्रं उपाशी राहतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये पाचवा गिअर डब्याच्या एका टोकाला असतो, त्यामुळे त्याला आधी झळ बसते. हायवेला पाचव्यात बारीक 'ऊंऽऽ' असा सूर ऐकू येतो. कसारा घाटात चढावर गाडी तिरकी झाली की उरलंसुरलं तेलही एका बाजूला सरकतं.

२) उष्णता वाढते. भार तोच, पण उष्णता घ्यायला तेल कमी. तापलेलं तेल लवकर काळं पडतं, त्याला करपट वास येतो.

३) सिंक्रोनायझरच्या रिंगा झिजतात. या रिंगा बहुधा पितळेच्या असतात. गिअर टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा वेग जुळवून देणं हे त्यांचं काम. त्या झिजल्या की गिअर बदलताना 'कर्रर्र' होतं.

४) बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि दातांवर खड्डे पडतात. सुटलेला लोखंडाचा कण पुन्हा दातांत सापडतो आणि नवीन खड्डा पाडतो. इथून पुढे तेल भरलं तरी आवाज जात नाही.

५) अगदी शेवटी बेअरिंग जाम होतं. चालत्या गाडीत असं झालं तर चाकंसुद्धा अडकू शकतात. इथे प्रश्न खर्चाचा राहत नाही, जिवाचा होतो.

मारुती ८०० (१९८३ ते २०१४ या काळात बनलेली आपल्या सगळ्यांची पहिली गाडी) आणि तिच्यासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात असतात, तेलही एकच. म्हणजे एक गळती, दोघांचं नुकसान. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जायची, त्यामुळे गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल मागे, दोघांचं तेल वेगवेगळं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, पण जीप, टेम्पो, ट्रकमध्ये ही रचना आजही आहे. तिथे दोन्ही ठिकाणी पातळी बघावी लागते.

एक खरी केस

माझ्या मामाचा इथे छोटा लूमचा कारखाना आहे. त्याने बारा वर्षं जुनी एक छोटी गाडी एका एजंटकडून घेतली. घेतल्यावर दोन महिन्यांनी ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला, तो एका गॅरेजमध्ये बदलला. त्यानंतर पाचव्या गिअरला आवाज सुरू झाला. मामा म्हणायचा, "अगं, जुनी गाडी आहे, आवाज तर करणारच ना!" काही आठवड्यांनी नाशिकला जाताना पडघ्याच्या पुढे गिअर अडकला आणि गाडी टोचन लावून परत आणावी लागली.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. दोन लिटरच्या आसपास तेल बसणाऱ्या डब्यातून जेमतेम पाण्याच्या पेल्याएवढं काळं तेल निघालं. वयस्कर मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शाफ्ट किसने निकाला था?" कारण साधं होतं. अशा गाड्यांत शाफ्ट बाहेर ओढला की त्या भोकातून गिअर ऑइल सांडतं. शाफ्ट परत बसवल्यावर तेल भरून पातळी बघायची असते. ती कुणी बघितली नव्हती. वर शाफ्ट बसवताना सीलची कड दुमडली होती, तिथून उरलेलंही ठिबकत होतं.

दोन बेअरिंग, पाचव्या गिअरची जोडी, सिंक्रोनायझर, सील... बिल झालं ते माझ्या मामेभावाच्या फीच्या हप्त्याएवढं. त्या वर्षी लूमला मंदी होती. हप्ता उशिरा भरला आणि दंडही पडला. एक लिटर गिअर ऑइल काही शे रुपयांत येतं!

आता थेंबांचं गणित करू. ढोबळमानाने वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दर पाच मिनिटांना एक थेंब गळला तर दिवसाला २८८ थेंब, म्हणजे सुमारे १४ मिलिलिटर. पस्तीस दिवसांत अर्धा लिटर! 'थोडंसं पाझरतंय, चालतंय' असं म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा.

ऑटोमॅटिक असेल तर?

मॅन्युअलमध्ये तेल वंगणाचं काम करतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये तेलच ताकद पोहोचवतं आणि तेलाच्या दाबानेच आतले क्लच दाबले जातात. पातळी खाली गेली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो आणि क्लच घसरतात. लक्षणं अशी: 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते, इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही. असं होत असताना गाडी दामटली तर क्लचचं अस्तर जळतं.

भारतात २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेल्या 'एएमटी'चा प्रकार वेगळा आहे. तिचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर हलवायला यंत्रणा बसवलेली असते. तिथे गिअर ऑइल वेगळं आणि त्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल वेगळं. सेकंडहँड एएमटी घेताना दोन्हींची चौकशी करा.

तपासायचं कसं?

• गाडी सपाट जागेवर हवी. एकच बाजू जॅकवर उचलली तर पातळी चुकीची दिसते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. गॅरेजच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर हे काम दहा मिनिटांचं आहे.

• बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाजूला भरायचा प्लग असतो आणि तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवं. करंगळी घाला, टेकलं पाहिजे. ऑटोमॅटिकची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते, ती मॅन्युअल बघूनच करा.

• तेल बोटांवर चोळा. चकाकणारे कण म्हणजे झीज. दुधी रंग म्हणजे आत पाणी. २६ जुलै २००५ सारखा पूर सोडाच, दरवर्षीच्या तुंबलेल्या पाण्यातूनही गाडी गेली असेल तर हे जरूर बघा.

• तेल बदलायचं असेल तर भरायचा प्लग आधी उघडा, खालचा नंतर. वरचा गंजून अडकलेला निघाला आणि खालून तेल काढून टाकलेलं असलं, तर गाडी तिथेच उभी!

• जास्त भरू नका. फेस होतो आणि सीलवर दाब येतो. डब्याचा श्वास घ्यायचा ब्रीदर चिखलाने बुजला तरी हेच होतं.

• ग्रेड गाडीच्या पुस्तकातलीच वापरा. 'जीएल-५' तेल 'जीएल-४'पेक्षा भारी असं समजून सरसकट घालू नका. पितळी सिंक्रोनायझरला ते मानवेलच असं नाही.

• काढलेलं तेल गटारात ओतू नका, गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. गटारं शेवटी कामवारी नदीलाच मिळतात.

जाता जाता एक सावधगिरी. शाळेत रोआल्ड डालचं 'मटिल्डा' वाचलेल्यांना तिचे बाबा आठवत असतील. ते जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये भुसा घालून आवाज बंद करायचे. तेव्हा मी खूप हसले होते. चाचांनी सांगितलं की भुसा नाही, पण नव्वदच्या जागी एकशेचाळीस नंबरचं घट्ट तेल भरून विकलेल्या गाड्या त्यांनी पाहिल्यात. आवाज दबतो, पण गार गाडीत गिअर जड पडतात. म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ती सकाळी, थंड असताना बघा. न्यूट्रलमध्ये घरघर येते का आणि क्लच दाबल्यावर ती थांबते का, ते ऐका. थांबली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय घ्या. गाडी रात्रभर उभी होती तिथे खाली डाग आहे का, तोही बघा. आणि मालक 'गेल्याच महिन्यात तेल टाकलंय' असं कौतुकाने सांगत असेल, तर नम्रपणे विचारा: आधीचं कुठे गेलं?

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा घरच्या गाडीखाली एक जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी उचलून बघा. डाग पुढच्या चाकांच्या मधोमध किंवा एका शाफ्टच्या मुळाशी असेल तर बाबांना घेऊन त्याच दिवशी गॅरेज गाठा. नुसतं तेल भरून येऊ नका, सील बदलून या. कोरं निघालं तर छानच, पण तरीही पातळी एकदा बघून घ्या. मामाच्या गाडीतलं तेल गॅरेजमध्येच सांडलं होतं!