फरीदाबादच्या परसबागेसाठी आलुबुखार: वाणाची निवड हेच पहिले पीक संरक्षण

आलुबुखार म्हटले की हिमाचल प्रदेश अथवा काश्मीरच्या थंड डोंगरउताराचे चित्र डोळ्यांसमोर येते. मात्र उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशातही हे फळझाड चांगले वाढते व गोड फळे देते. फरीदाबाद, दिल्ली आणि गुरुग्राम परिसरात स्थायिक झालेली अनेक कुटुंबे घरासमोरील थोड्या जागेत पेरू व लिंबाच्या जोडीला आलुबुखाराचे एखादे रोप लावतात. तीन-चार वर्षांत झाड मोठे होते, फेब्रुवारीत पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जाते. परंतु एप्रिलमध्ये फांद्यांवर पानांखेरीज काही उरत नाही. दोष पाण्याला, खताला किंवा किडीला दिला जातो आणि पुढील वर्षी ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले जाते. त्यामुळे उरलीसुरली आशाही मावळते. अशा बहुतेक प्रसंगी चूक झालेली असते ती रोपवाटिकेत, वाण निवडताना.

थंडीची गरज

आलुबुखार हे पानगळ होणारे झाड आहे. हिवाळ्यात त्याचे डोळे सुप्तावस्थेत जातात व ठरावीक काळ थंडी मिळाल्याशिवाय नीट फुटत नाहीत. साधारणतः 7 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे जितके तास झाडाला मिळतात, त्यांना शीत-तास म्हणतात. युरोपीय गटातील आलुबुखारांना साधारणपणे 700 ते 1000 शीत-तास लागतात. फरीदाबादमध्ये अशी थंडी प्रामुख्याने डिसेंबर व जानेवारीतील रात्री आणि पहाटे मिळते. दिवसा ऊन असते. त्यामुळे युरोपीय वाण येथे उपयोगाचे नाहीत. गरज पूर्ण न झाल्यास डोळे उशिरा व मागेपुढे फुटतात, कळ्या गळतात आणि फुलोरा विस्कळीत होतो.

मैदानी भागाला उपयुक्त ठरतात ते जपानी गटातील, म्हणजे प्रूनस सॅलिसिना या प्रजातीचे, कमी थंडीत फुलणारे वाण. ही प्रजाती मूळची चीनमधील असून जपानमार्गे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोहोचली. तेथे लूथर बरबँक यांनी तिच्यापासून अनेक वाण निर्माण केले. 1906 मध्ये प्रसारित झालेला त्यांचा ‘सांता रोझा’ आज भारताच्या डोंगराळ भागात सुपरिचित आहे. तथापि डोंगरातील प्रसिद्धी हे मैदानातील यशाचे प्रमाणपत्र नव्हे. रोपवाटिकेत ‘पहाडी आलुबुखार’ एवढीच ओळख सांगितली जात असेल, तर ते रोप घेऊ नये.

मैदानी भागातील दोन प्रमुख वाण

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मैदानी प्रदेशासाठी शिफारस केलेल्या वाणांपैकी ‘सतलज पर्पल’ व ‘काला अमृतसरी’ हे दोन वाण परसबागेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत.

सतलज पर्पल हा ताजी फळे खाण्यासाठी उत्तम वाण आहे. फळे मोठी व जांभळट लाल, गर पिवळा. ती मे महिन्याच्या सुरुवातीस तयार होतात. मात्र हा वाण स्वतःच्या परागाने फळत नाही.

काला अमृतसरीची फळे मध्यम आकाराची, पिकल्यावर गडद रंगाची, रसदार व आंबटगोड असतात. जॅम, सरबत आणि चटणीसाठी ती अधिक चांगली. मे महिन्याच्या उत्तरार्धात ती तयार होतात. हा वाण स्वतःच्या परागाने फळतो आणि सतलज पर्पलसाठी परागदाता म्हणूनही उपयोगी पडतो.

फुले येतात, फळे का येत नाहीत?

सतलज पर्पलच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही निरोगी असतात. पराग कुक्षीवर पडतो, रुजतो, त्यातून परागनलिका खाली उतरू लागते. परंतु पराग त्याच वाणाचा असेल, तर स्त्रीकेसराचा दांडा त्याला ‘आपला’ म्हणून ओळखतो व नलिकेची वाढ मध्येच थांबते. बीजांडाचे फलन होत नाही आणि फूल गळून पडते. कलमाने वाढवलेली एकाच वाणाची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच असल्याने सतलज पर्पलची दोन किंवा चार झाडे लावूनही हा अडथळा दूर होत नाही. दुसरा वाणच हवा.

दुसऱ्या वाणाचा पराग आणून देण्याचे काम कीटक करतात. मधमाश्या, विशेषतः फुलोरी व मेलिफेरा, तसेच एकांड्या माश्या आणि सिरफिड माश्या फेब्रुवारीच्या उबदार दुपारी या फुलांवर येतात. आलुबुखाराचा पराग चिकट व जड असतो. त्याच्या वहनासाठी वाऱ्यावर विसंबून चालत नाही. म्हणून फुलोऱ्याच्या काळात आलुबुखारावर अथवा शेजारच्या फुलझाडांवर कोणतेही कीटकनाशक फवारू नये. या दिवसांत मारलेली प्रत्येक मधमाशी म्हणजे मे महिन्यातील काही फळांचे नुकसान होय.

वाण आणि कीड यांचे वेळापत्रक

या परिसरात आलुबुखाराचे मोठे नुकसान करू शकणारी कीड म्हणजे फळमाशी, प्रामुख्याने बॅक्ट्रोसेरा झोनाटा व बॅक्ट्रोसेरा डॉर्सेलिस या प्रजाती. मादी पक्व होऊ लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ सडून गळते आणि अळ्या जमिनीत शिरून कोषावस्थेत जातात. वसाहतीतील पेरू, आंबा, पीच या फळांवर माशीचे जीवनचक्र चालू राहते. उष्णता व दमटपणा वाढेल तशी तिची संख्या वाढते. दिल्ली परिसरात मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या अखेरीस पोहोचतो. त्यानंतर झाडावर असलेली फळे वाचवणे कठीण होते.

लवकर पिकणाऱ्या वाणाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. मेच्या आरंभी काढणीस येणारा सतलज पर्पल फळमाशीच्या मोठ्या उद्रेकाआधीच घरात येतो. काला अमृतसरीला थोडा अधिक धोका असतो. त्यामुळे त्याची फळे रंग धरताच, किंचित घट्ट असताना काढावीत. मिथाइल युजेनॉलचा सापळा एप्रिलच्या मध्यापासून झाडावर टांगावा. हा सापळा फक्त नरांना आकर्षित करतो, म्हणून एका घरातील एका सापळ्याचा लाभ मर्यादित राहतो. गल्लीतील सर्व फळझाडांवर सापळे असणे व पडलेली फळे रोज गोळा करून घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत उन्हात ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.

दुसरी कीड म्हणजे पाने वळवणारा मावा. त्याची अंडी हिवाळाभर डोळ्यांच्या बुडाशी असतात आणि डोळे फुगू लागताच पिल्ले बाहेर पडतात. कोवळी पाने वळून गोळा होतात व आत मावा सुरक्षित राहतो. छाटणीच्या वेळी डोळ्यांची बारकाईने पाहणी करावी. पाकळ्या गळल्यानंतर प्रादुर्भाव दिसल्यास वळलेले शेंडे कापून नष्ट करावेत. ढालकिडे व सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात. त्यांना वाव द्यावा. रासायनिक औषधाची गरज भासल्यास या पिकासाठी व किडीसाठी लेबलवर नोंद असलेलेच औषध वापरावे. अशी नोंदणी करणाऱ्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचे कार्यालय फरीदाबादमध्येच आहे.

जागेनुसार निवड

दोन झाडांमध्ये सुमारे 6 मीटर अंतर राखण्याइतकी जागा असल्यास एक सतलज पर्पल व एक काला अमृतसरी लावावे. एकाच झाडापुरती जागा असल्यास तीन मार्ग आहेत. पहिला, केवळ काला अमृतसरी लावणे. दुसरा, सतलज पर्पल लावून त्याच्या एका फांदीवर काला अमृतसरीचे कलम करणे. छाटणी करताना ही फांदी चुकून कापली जाऊ नये म्हणून तिला खूण बांधावी. तिसरा मार्ग सर्वांत सोपा: शेजाऱ्याशी बोलून एका अंगणात एक व दुसऱ्या अंगणात दुसरा वाण लावणे. मधमाशीला कुंपणाची भिंत अडवत नाही. जोडीचे झाड फुलण्याइतके मोठे होईपर्यंत काला अमृतसरीच्या फुललेल्या डहाळ्या पाण्याच्या बादलीत ठेवून ती सतलज पर्पलच्या फांद्यांत टांगता येते.

रोपे पानगळ झालेल्या अवस्थेत, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत लावावीत. ती कृषी विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय बागवानी मंडळाची मान्यता असलेल्या रोपवाटिकेतून, वाणाचे नाव पावतीवर लिहून घेऊनच खरेदी करावीत. पाणी साचणारी व क्षारयुक्त जागा टाळावी. एप्रिल-मेमध्ये फळे पोसत असताना पाण्याचा ताण पडू देऊ नये. फळे दाट लागल्यास विरळणी करून दोन फळांत सुमारे 10 सेंटिमीटर अंतर राखावे.

निष्कर्ष

परसबागेतील आलुबुखाराच्या वाणाला तीन प्रश्न विचारावेत: त्याला येथील थंडी पुरते का, त्याला पराग कोण देणार, आणि त्याचे फळ फळमाशी वाढण्यापूर्वी हाती येईल का? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे रोप लावल्यास पुढील अनेक वर्षांतील फवारणी टळते. चुकीचे रोप लावल्यास मात्र कोणतेही औषध त्या झाडाला फळ आणू शकत नाही.