नवी नोकरी आणि पगारातील करकपात

नवी नोकरी लागली की घरात हिशेब सुरू होतो. धाकट्या भावाची फी, आईचे औषधपाणी, घराचा हप्ता असे सारे आकडे ठरलेल्या पगारावर बेतले जातात. महिनाअखेरीस खात्यात जमा होणारी रक्कम मात्र बरीच कमी असते. बँकेच्या काउंटरवर असे गोंधळलेले तरुण आम्हांस नेहमी भेटतात. त्यांतील कित्येकजण घरातील पहिलेच पगारदार असतात. पगारपत्रक कसे वाचावे, हे सांगणारे घरी कोणी नसते. म्हणून हा विषय येथे शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडत आहोत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की पगारातील प्रत्येक कपात म्हणजे प्राप्तिकर नव्हे. भविष्य निर्वाह निधीसाठी सर्वसाधारणपणे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कापली जाते. हा पैसा आपल्याच नावे साठतो. नोकरी बदलताना जुना निधी क्रमांक नव्या कार्यालयास कळवावा, म्हणजे साठा विखुरत नाही. दुसरी कपात व्यवसाय कराची. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुषांना हा कर वर्षाला २,५०० रुपये, म्हणजे दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये पडतो. स्त्रियांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो द्यावा लागत नाही. या दोन्ही बाबी वगळून जी मोठी रक्कम उरते, ती प्राप्तिकराची.

प्राप्तिकर महिन्यावर नव्हे, तर एप्रिल ते मार्च या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर बसतो. कार्यालय वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज काढते, त्यावरील कर ठरवते आणि तो उरलेल्या महिन्यांत विभागून कापते. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते.

एक उदाहरण घेऊ. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एका तरुणीने एप्रिल ते सप्टेंबर दरमहा १,००,००० रुपयांवर काम केले. ऑक्टोबरपासून तिला दुसरीकडे १,३०,००० रुपये मिळू लागले. जुन्या कार्यालयाने वर्षाचा अंदाज १२,००,००० धरला. नव्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ११,२५,००० उरले. त्या वर्षी १२,००,००० रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण करसवलत असल्याने तेथे काहीच कर कापला गेला नाही. नव्या कार्यालयास फक्त स्वतःचे सहा महिन्यांचे ७,८०,००० रुपये दिसतात. त्यावरही कर नाही. पण दोन्ही मिळून उत्पन्न १३,८०,००० होते. वजावटीनंतर १३,०५,००० रुपये उरतात आणि ४ टक्के उपकरासह कर होतो ७८,७८० रुपये.

तिने जुन्या पगाराची माहिती ऑक्टोबरमध्येच दिली, तर सहा महिने दरमहा १३,१३० रुपये कापले जातील. जानेवारीत दिली, तर तीन महिने २६,२६० रुपये. मार्चमध्ये दिली, तर सारा बोजा एकाच पगारावर. मुळीच दिली नाही, तर विवरणपत्र भरताना तीच रक्कम व्याजासह स्वतः भरावी लागेल. कर तेवढाच, घरखर्चाला बसणारा धक्का मात्र वेगवेगळा. म्हणून रुजू होताच जुन्या नोकरीतील पगार व कापलेला कर लेखी कळवावा. १९६१ च्या कायद्याखाली यासाठी 'फॉर्म १२ बी' होता. नवा प्राप्तिकर कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी पगारातून कर कापण्याचे तत्त्व तेच आहे.

जास्त कपातीची आणखी दोन कारणे आढळतात. पहिले, पॅन क्रमांक न देणे. करपात्र उत्पन्न असताना पॅन दिला नाही, तर किमान २० टक्के दराने कर कापण्याची तरतूद आहे. दुसरे, करपद्धतीची निवड. २०२३-२४ पासून आपण काही न कळवल्यास नवी पद्धत धरली जाते आणि तीत घरभाडे, विमा इत्यादींची वजावट मिळत नाही. जुनी पद्धत निवडली, पण पावत्या वेळेत दिल्या नाहीत, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी कपात होते. दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहावा, मगच निवड करावी.

कपात अधिक झाली तरी पैसा बुडाला असे समजू नये. कापलेला कर आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. मुदतीत विवरणपत्र भरल्यास जादा रक्कम परत मिळते. तेथे नोंदच नसेल, तर पगारपत्रके जोडून कार्यालयाच्या लेखा विभागाकडे लेखी विचारणा करावी व त्याची पोच घ्यावी.

विद्यार्थी मित्रांना आमची एकच विनंती आहे. नेमणूकपत्रातील वार्षिक आकड्यावर घराचा हिशेब बांधू नका. त्यात मालकाचा निधीतील वाटाही बहुधा धरलेला असतो. हाती येणारी मासिक रक्कम किती, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्या. असे विचारण्यात कमीपणा नाही. आपल्या कष्टाच्या पैशाचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे आणि तो समजून घेणे हे आपले कर्तव्यही आहे.