ऑलिव्ह तेल : नावापेक्षा माप महत्त्वाचे

हृदयविकाराच्या धास्तीने जळगाव-धुळ्याकडची काही घरे शेंगदाणा तेल सोडून महागडे ऑलिव्ह तेल आणू लागली आहेत. त्याचे फायदे-तोटे आधी पारखून घेऊ.

फायदे : या तेलात साधारण 70 टक्के ओलेइक आम्ल असते. तूप किंवा डालड्याऐवजी ते वापरल्यास रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल कमी होते. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ तेल रसायने न वापरता काढतात, त्यामुळे फळातील गुणकारी घटक त्यात टिकतात.

तोटे : कडकडीत तापवल्यावर हे घटक घटतात. म्हणजे शेवभाजीच्या फोडणीत जास्तीचा पैसा जळतो. कोशिंबिरीवर, भरितावर ते कच्चेच घालावे. ‘पोमेस’ लिहिलेले तेल चोथ्यापासून काढलेले असते, हेही लक्षात ठेवा.

आपल्या शेंगदाणा तेलातही निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल असते आणि ते फोडणीला चालते. परवडत नसेल तर ऑलिव्हसाठी कर्ज-उसनवारी नको.

खरा प्रश्न मापाचा आहे. कोणत्याही तेलाच्या 1 ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात. माणशी रोज चार चहाचे चमचे, म्हणजे 20 मिलिलिटर धरले, तर पाच जणांच्या घरात 15 लिटरचा डबा पाच महिने पुरायला हवा. तुमच्याकडे किती पुरतो? डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. तर्री कमी करा, तळणाचे तेल पुन्हा तळायला घेऊ नका. आणि तेल बदलले म्हणून डॉक्टरांना न विचारता बीपीच्या गोळ्या बंद करू नका.