दूरदेशीचा शिपाई आणि आपण

परमुलखात लढणाऱ्या शिपायासाठी घरी राहिलेल्या समाजाने काय करावे, हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातील १२४ क्रमांकाच्या पथकाला ‘बडोदा’ हे नाव मिळाले. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या देणगीतून त्या पथकासाठी स्पिटफायर विमाने आली. आपल्या नगरीचे नाव असे इंग्लंडच्या आकाशात पोचले, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे.

परंतु विमानाला नाव देणे सोपे. शिपायाचे नाव राखणे अवघड. त्याच युद्धात आपली माणसे इटलीत लढत होती. नायक यशवंत घाडगे हे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील सारे सोबती मारले गेले वा जखमी झाले. ते एकटेच त्या तोफेवर धावून गेले व त्यांनी ती बंद पाडली. मात्र लगेच शत्रूच्या गोळ्या लागून त्यांनी देह ठेवला. वय अवघे २२ वर्षांचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे दफन वा दहन कोठे झाले हे ज्ञात नाही. कासिनो येथील स्मारकावर नाव मात्र कोरले आहे.

पुढे २०२३ साली इटलीतील माँतोने या गावी त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारण्यात आली. ज्या मुलखासाठी परक्या तरुणाने प्राण वेचले, त्या मुलखाने ७९ वर्षांनंतरही त्याचे नाव विसरू दिले नाही. सन्मान म्हणजे काय, हे यावरून शिकावे.

शिपाई हयात असताना करण्याजोगेही पुष्कळ आहे. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी भडिमार सुरू असताना दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले, मग परत फिरून शत्रूची तीन ठाणी नष्ट केली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. आणि ते जिवंत घरी परतले. परतलेल्या माणसाची विचारपूस करणे हेही समाजाचेच काम होय.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, पत्र. सीमेवरील जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ एवढे लिहिले की टपाल पोचते. दुसरी, त्याचे घर. म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी, मुलांची शाळेची फी, कचेरीतील खेपा, यांत शेजाऱ्याने हात दिला की जवानाची निम्मी चिंता हलकी होते. तिसरी, ७ डिसेंबरचा ध्वजदिन. १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवशी जमणारा निधी युद्धात जायबंदी झालेले जवान, माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या कामी येतो.

महोत्सवाच्या वर्षी आपण मांडव घालू, पंगती उठवू, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर आपल्या सभासदांपैकी कोणाचा मुलगा वा मुलगी सैन्यात आहे याची एक यादी करावी, आणि दर दिवाळीपूर्वी त्या प्रत्येक घराचा उंबरा कोणीतरी ओलांडावा. याला मोठा खर्च लागत नाही. आठवण ठेवावी लागते.